उताऱ्यावरील प्रश्न सोडवताना: नवोदय, शिष्यवृत्ती आणि पुढील परीक्षांसाठी

विदर्भातील खेड्यांमध्ये नवोदय (केंद्र सरकारच्या निवासी विद्यालयांची प्रवेश परीक्षा) किंवा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी बहुतेक गणित आणि बुद्धिमत्ता या दोन विषयांभोवती फिरते, आणि 'मराठी तर आपलीच भाषा आहे' असे म्हणून उताऱ्यांचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. हिशेब मात्र वेगळेच सांगतो. इयत्ता सहावीच्या प्रवेशासाठी होणाऱ्या नवोदय निवड चाचणीत १०० पैकी २५ गुण भाषेला असतात. चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न आणि प्रत्येक प्रश्नाला सव्वा गुण, अशी त्यांची विभागणी असते. वर्धा जिल्ह्यातील सेलूकाटे असो की गडचिरोलीतील घोट, तेथील नवोदयात प्रवेश मिळणे वा हुकणे कधीकधी एका उताऱ्यावरही ठरू शकते. पुढे राज्य शासनातील अधिकारी पदांसाठीच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेला बसणाऱ्यांनाही दुसऱ्या पेपरात आकलनाचे उतारेच मोठ्या संख्येने सोडवावे लागतात.

या प्रश्नांत हुशार मुले का चुकतात, याचे माझ्या मते एक कारण इतर सर्व कारणांहून मोठे आहे: ती उताऱ्याऐवजी स्वतःच्या माहितीवरून उत्तर देतात. शेती, पाणी, जंगल, जनावरे यांविषयीचा उतारा आला की शेतकऱ्याच्या मुलाला त्यातले बरेच काही आधीच ठाऊक असते. प्रश्न तयार करणारा नेमका असाच एक पर्याय ठेवतो, जो व्यवहारात खरा असतो, पण उताऱ्यात कोठेही नसतो. यासाठी पुढील नमुना उतारा लक्षपूर्वक वाचावा.

'नागपूर-अमरावती पट्ट्यात संत्र्याचे दोन बहार प्रामुख्याने घेतले जातात. आंबिया बहाराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळे भर उन्हाळ्यात झाडावर वाढत असतात. त्यामुळे या बहाराला उन्हाळाभर ओलीत करावे लागते. मृग बहाराची फुले पाऊस सुरू झाल्यावर, जून-जुलैत येतात. बहार धरण्यापूर्वी झाडांचे पाणी तोडून त्यांना ताण दिला जातो. ज्यांच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरेसे पाणी नसते, असे शेतकरी बहुधा मृग बहार पसंत करतात. मात्र पाऊस लांबला तर या बहाराला फुले कमी येतात.'

आता प्रश्न असा: 'उताऱ्यावरून पुढीलपैकी कोणता निष्कर्ष काढता येतो?' पर्याय: (१) मृग बहाराच्या संत्र्याला आंबियापेक्षा अधिक भाव मिळतो. (२) मृग बहार घेणाऱ्याला पावसाची काळजी नसते. (३) कोणता बहार धरायचा हे उन्हाळ्यातील पाण्यावर बरेच अवलंबून असते. (४) विहीर असलेले सर्व शेतकरी आंबिया बहारच घेतात.

वरुड-मोर्शीकडचा मुलगा पहिल्या पर्यायाशी थबकेल, कारण घरी भावाची चर्चा त्याने ऐकलेली असते. त्या वर्षी ते खरेही असेल. परंतु उताऱ्यात भावाचा एक शब्दही नाही, म्हणून तो पर्याय तेथेच बाद होतो. दुसरा पर्याय उताऱ्याच्या शेवटच्या वाक्याच्या थेट विरुद्ध आहे. चौथ्या पर्यायात 'सर्व' आणि 'च' यांनी घोळ केला आहे. उताऱ्यात 'बहुधा' असा सावध शब्द आहे, आणि तोही मृग बहाराबद्दल आहे. तिसरे विधान उताऱ्यात शब्दशः आलेले नाही, तरीही तिसरे आणि सहावे वाक्य एकत्र वाचल्यावर तेच हाती येते. निष्कर्षाच्या प्रश्नाचे योग्य उत्तर बहुतेक वेळा असे दोन वाक्ये जोडून मिळते. एका वाक्यातून उचललेला पर्याय ओळखीचा वाटतो म्हणून तो घाईने निवडू नये.

शीर्षकाच्या प्रश्नातही हेच मोजमाप चालते. 'संत्र्याची लागवड' हे शीर्षक उताऱ्यापेक्षा मोठे आहे, कारण कलमे, खड्डे, खते यांचा येथे उल्लेख नाही; 'विहिरीचे पाणी' हे फार लहान आहे; 'बहाराची निवड आणि पाणी' हे उताऱ्याला नेमके पुरते. शब्दार्थ विचारला असेल तर तो शब्द ज्या वाक्यात आहे त्या वाक्यात प्रत्येक पर्याय ठेवून पाहावा. 'ताण' म्हणजे 'चिंता' हा अर्थ शब्दकोशात असला, तरी झाडांचे पाणी तोडण्याच्या वाक्यात तो बसत नाही.

प्रश्न वाचताना 'नाही', 'अयोग्य', 'चुकीचे विधान', 'वगळता' अशा शब्दांखाली पेन्सिलने रेघ ओढण्याची सवय लावावी. उताऱ्यात 'मात्र', 'तथापि', 'परिणामी', 'अन्यथा' यांना खूण करावी. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी हे शब्द फारसे नसतात, त्यामुळे डोळे त्यांवरून सहज सरकून जातात. पण लेखकाचे म्हणणे अनेकदा तेथेच वळण घेते. वरच्या प्रश्नातील दुसरा पर्याय 'मात्र' कडे लक्ष दिले की लगेच खोटा ठरतो. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी शिक्षकांनी वाक्ये जोडणाऱ्या या शब्दांचा सराव वेगळा घ्यावा, आणि सुरुवातीचे काही आठवडे उतारा मोठ्याने वाचून घेऊन प्रत्येक परिच्छेदाचा आशय मुलाला त्याच्या बोलीत सांगू द्यावा. बोलीत सांगता आले तर उतारा समजला आहे, आणि अडचण केवळ प्रमाण भाषेतील पर्यायांची आहे, हे शिक्षकाला कळते.

आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा, यावर शिक्षकांत मतभेद आहेत. माझे मत असे की प्रश्न एकदा नजरेखालून घालावेत, पर्याय मात्र वाचू नयेत. चुकीचे पर्याय आधीच डोक्यात शिरले तर उतारा त्यांच्याच रंगात दिसू लागतो. त्यानंतर उतारा एकदा सलग वाचावा आणि प्रत्येक प्रश्नासाठी संबंधित ओळीकडे परत जावे. नवोदयाच्या भाषा विभागाला ३० मिनिटे धरलेली असतात, म्हणजे एका उताऱ्याला सुमारे सात मिनिटे मिळतात आणि उत्तरपत्रिकेतील गोल भरायला थोडा वेळ उरतो. या चाचणीत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. राज्यसेवा पूर्व परीक्षेत मात्र चुकलेल्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक चतुर्थांश गुण वजा होतात. तेथे किमान दोन पर्याय उताऱ्याच्या आधारे बाद करता आले तरच उत्तर द्यावे. वरच्या इयत्तेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत काही प्रश्नांना दोन पर्याय अचूक असू शकतात आणि ते दोन्ही नोंदवावे लागतात, म्हणून तेथे सूचना शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

सरावासाठी महागडी पुस्तके लागत नाहीत. पाठ्यपुस्तकातील न शिकवलेला धडा, वर्तमानपत्रातील शेतीविषयक लेख, आरोग्य केंद्रातील माहितीपत्रक यांतील दहा-बारा ओळी घेऊन मुलांनाच पाच प्रश्न आणि प्रत्येकी चार पर्याय तयार करायला सांगावे. फसवा पर्याय स्वतः रचणारे मूल दुसऱ्याने रचलेला पर्याय लवकर ओळखू लागते. तपासताना केवळ बरोबर-चूक अशी खूण न करता, उत्तर उताऱ्यातील कोणत्या ओळीत आहे तिचा क्रमांक मुलाकडून लिहून घ्यावा. क्रमांक लिहिता आला नाही आणि शिक्षकालाही ती ओळ सापडली नाही, तर तो प्रश्नच सदोष आहे असे समजावे. बाजारातील सराव संचांत असे प्रश्न आढळतात, आणि ते मुलाच्या गुणांत न धरता सरळ खोडून टाकावेत.