लिबोविट्झ प्रश्नावली स्वतः भरताना

चारचौघांत बोलण्याची किंवा जेवण्याची भीती आपल्याला किती वाटते हे आकड्यांत पाहण्यासाठी, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ मध्ये मांडलेली २४ प्रसंगांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. मुळात ती तज्ज्ञाने मुलाखत घेत भरायची होती. पुढे ती स्वतः भरण्याची पद्धतही रूढ झाली.

प्रत्येक प्रसंगासमोर दोन आकडे लिहायचे असतात. पहिला भीतीचा : अजिबात नसेल तर ०, तीव्र असेल तर ३. दुसरा आपण तो प्रसंग किती वेळा टाळतो याचा : कधीच नाही तर ०, आणि दोनतृतीयांशांहून अधिक वेळा टाळत असाल तर ३. उत्तरे गेल्या आठवड्यापुरती द्यावीत. त्या आठवड्यात प्रसंग आलाच नसेल, तर तो आला असता तर आपण कसे वागलो असतो याचा अंदाज करून आकडा लिहावा, जागा रिकामी सोडू नये. आधी भीतीचा रकाना सगळा भरून मग टाळण्याकडे वळण्याचा मोह होतो, पण प्रसंगागणिक दोन्ही आकडे एकत्र लिहिलेलेच बरे.

खरी अडचण टाळण्याच्या रकान्यात येते. सार्वजनिक स्वच्छतागृहाचा प्रसंग यादीत आहे, आणि आपल्याकडे अनेक स्त्रिया ते अस्वच्छतेमुळे टाळतात, लोकांच्या नजरेमुळे नव्हे. अशा वेळी ३ लिहिला तर बेरीज उगाच फुगते. ‘ही जागा स्वच्छ असती, तरी इतरांच्या उपस्थितीमुळे मी टाळली असती का?’ असे स्वतःला विचारून मगच आकडा ठरवावा. घरी मेजवानी देण्याच्या प्रसंगालाही हाच नियम लावावा, कारण ती पैशांअभावी टाळणे ही चिंता नव्हे, निदान या अर्थाची तरी नव्हे.

दोन्ही रकान्यांची बेरीज ० ते १४४ यांमध्ये येते. संशोधनात ३० ही सामाजिक चिंताविकाराची, म्हणजे लोकांच्या नजरेची भीती विकाराच्या पातळीला जाण्याची, शक्यता दाखवणारी, तर ६० ही बहुतेक प्रसंगांत पसरलेल्या विकाराची सीमा सुचवली गेली आहे. या सीमा चाळणीसाठी आहेत. निदानासाठी त्रास साधारणतः सहा महिने वा अधिक टिकलेला असणे आणि त्याने शिक्षण, नोकरी किंवा नातेसंबंध अडणे हेही तपासावे लागते. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना नुसती बेरीज सांगण्याऐवजी भरलेला कागदच न्यावा, आणि जिथे ३ लिहिले आहेत तिथे कारण दोन शब्दांत नोंदवून ठेवावे.