स्पिनरबेटवर मरळ नुसती ओढून सोडते? मागे एक जादा हुक लावा

धरणाच्या बॅकवॉटरला गवताच्या कडेने स्पिनरबेट (तारेवर फिरणारं ब्लेड आणि हुकभोवती रबरी झालर असलेलं नकली आमिष) ओढताना मरळ जोरात येते, ठोका बसतो, रबराचा स्कर्ट ओढला जातो, पण हुक काही लागत नाही कारण ती मागून येऊन फक्त झालर धरते. यासाठी ट्रेलर हुक, म्हणजे मेन हुकच्या मागे जोडलेला जादा हुक लावायचा, महागडं काही लागत नाही.

१. मोठ्या डोळ्याचा (दोरी बांधायच्या भोकाचा) एक सिंगल हुक घ्या, मेन हुकएवढा किंवा एक साईज लहान.
२. फिशटँकच्या हवेची मऊ नळी असते ना, तिचा जेमतेम अर्धा सेंटीमीटर तुकडा कापून त्या हुकच्या डोळ्यावर चढवा, डोळा पूर्ण झाकला पाहिजे.
३. आता मेन हुकचं टोक नळी आणि डोळा दोन्हीतून आरपार घालून बार्बच्या (टोकाजवळच्या उलट्या काट्याच्या) पुढे सरकवा. दोन्ही टोकं वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे गवतात कमी अडकतं.

नळी घट्ट बसली की हुक डुलत नाही आणि निसटतही नाही. हलवून बघा, सैल वाटली तर बदला, उन्हाने ती कडक होते. ओढायचं मात्र हळूच, ब्लेड फिरल्याची थरथर रॉडवर जाणवेल इतपतच, मरळ घाईने पळणाऱ्या आमिषामागे फार लांब येत नाही असं माझं मत.

एक सांभाळा, पावसाळ्यात पृष्ठभागावर लालसर पिल्लांचा झुबका दिसला तर तिथे अजिबात टाकू नका. खाली आईबाप राखणीला असतात, ते पकडले तर सगळ्या पिल्लांना दुसरे मासे खाऊन टाकतात.