हिरा घेताना रंग कसा पाहावा, आणि तो शेवटी का ठरवावा

जळगावच्या सराफ बाजारात सोनं घ्यायला आलेल्या माणसाला फारसं शिकवावं लागत नाही. आजचा भाव काय, घडणावळ किती, घट किती धरणार, हॉलमार्क आहे ना, हे सगळं घरातल्या बायका बसायच्या आधीच विचारून घेतात. हिऱ्याच्या काउंटरवर मात्र तीच मंडळी गप्प होतात. समोरून ‘ईएफ-व्हीव्हीएस आहे’ असं ऐकू येतं आणि आपण मान हलवतो. त्यातलं ‘व्हीव्हीएस’ खड्याच्या आतल्या स्वच्छतेचं, आणि ‘ईएफ’ ही दोन अक्षरं रंगाची आहेत. रंग आपल्याला स्वतःच्या डोळ्यांनी बऱ्यापैकी तपासता येतो. त्यासाठी एक पांढरा कागद, सावलीतला उजेड आणि थोडा धीर एवढंच लागतं.

माझं आग्रहाचं सांगणं आहे की खरेदीची सुरुवात रंगापासून करू नका. धातू, आकार आणि वजन या तीन गोष्टी आधी ठरवा, रंग त्यानंतर. उलट क्रमानं गेलात, तर जो फरक अंगावर घातल्यावर कुणालाच दिसणार नाही त्याचे पैसे मोजून बसाल.

अक्षरं काय सांगतात

हिरे तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या जीआयए या संस्थेनं १९५३ च्या सुमारास रंगाची मोजपट्टी आणली. तिच्याआधीच्या पद्धतींत ‘ए’, ‘बी’, ‘सी’ जो तो आपापल्या परीनं वापरत असे. तो घोळ टाळायचा म्हणून नवी पट्टी ‘डी’पासून सुरू केली. डी, ई, एफ म्हणजे रंगहीन. जी, एच, आय, जे म्हणजे जवळजवळ रंगहीन. के, एल, एम मध्ये हलकी पिवळसर झाक असते आणि पुढे झेडपर्यंत ती वाढत जाते. झेडच्याही पलीकडचे गडद पिवळे, तसेच गुलाबी, निळे हिरे फॅन्सी म्हणून वेगळे मोजतात, त्यांचा हिशोब इथे नको.

ही झाक म्हणजे मळ नव्हे. हिरा कार्बनचा. जमिनीखाली तो घडत असताना त्यात नायट्रोजनचे अणू शिरतात, ते निळ्या बाजूचा उजेड शोषून घेतात आणि आपल्याला खडा पिवळसर दिसतो. निसर्गातल्या बहुतेक हिऱ्यांत थोडाफार नायट्रोजन असतोच. म्हणून ‘एच’ रंगाचा खडा हलका किंवा सदोष समजू नका.

प्रयोगशाळेत हा दर्जा खडा उलटा ठेवून ठरवतात. वरचा सपाट भाग खाली, टोक वर, आणि नजर बाजूनं. सुलटा ठेवला तर चमक इतकी असते की हलकी झाक तिच्यात लपते. शेजारी ठरावीक रंगांचे नमुन्याचे हिरे ठेवून तुलना करतात. म्हणजे कागदावरचं अक्षर उलट्या, सुट्या खड्याचं आहे, आणि तुम्ही तो घालणार सुलटा, सोन्यात बसवलेला.

पायरी पहिली: धातू

आपल्याकडे अजून पिवळ्या सोन्याचीच पसंती आहे, आणि रंगाच्या बाबतीत ती फायद्याची आहे. पिवळ्या सोन्याचं प्रतिबिंब खड्यात उतरतंच, त्यामुळे आय, जे, कधी के रंगाचा खडाही त्यात पांढराच वाटतो. डी रंगाचा महागडा खडा सगळीकडून पिवळ्या सोन्यात बसवला, तर ज्या शुभ्रपणाचे पैसे दिले तो सोन्याच्याच पिवळेपणानं झाकला जातो. तरी हवाच असेल, तर अंगठी पिवळ्या सोन्याची ठेवून खडा धरणारे प्रॉंग पांढऱ्या सोन्याचे करून घ्या. अख्खा दागिना पांढऱ्या सोन्याचा किंवा प्लॅटिनमचा असेल तर मात्र जी-एचच्या खाली जाताना खडा नीट पाहून घ्या, कारण पांढऱ्या धातूशेजारी झाक उठून दिसते.

पायरी दुसरी: आकार

गोल ब्रिलियंट आकार रंग सगळ्यात चांगला लपवतो. लंबगोल, थेंबाचा आणि मार्कीज (दोन्हीकडे टोकदार) या आकारांत रंग टोकांकडे साचतो, तेव्हा टोकं निरखून पाहा. एमराल्ड कटसारखे मोठ्या सपाट पैलूंचे खडे आरपार दिसतात, त्यांत झाक लपायला जागाच नाही. तिथे एक-दोन अक्षरं वर जाणं योग्य.

पायरी तिसरी: वजन

बिनदुधाचा चहा चमच्यात फिकट दिसतो आणि पेल्यात गडद, तसंच हिऱ्याचं आहे. एक कॅरेटचा गोल खडा साधारण साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, त्यात जे रंग जाणवू शकतो. तीस सेंटचा (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) खडा सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास भरतो, त्यात तोच जे रंग ओळखणं अवघड. मंगळसूत्राच्या पेंडंटमध्ये किंवा टॉप्समध्ये एक-दोन सेंटचे बारीक खडे असतात, दीड मिलिमीटरच्या आगेमागे. त्यांत ईएफ आणि जीएच हा फरक घरच्या उजेडात कुणाच्याही लक्षात येत नाही. बारीक खड्यांत महत्त्वाचं एवढंच की सगळे एकसारखे हवेत. दहा पांढऱ्या खड्यांत एक पिवळसर बसला, तर नजर त्याच्यावरच जाते.

पायरी चौथी: स्वतः पाहणं

दुकानातले छोटे तीव्र दिवे चमक दाखवण्यासाठी असतात, रंग पाहण्यासाठी नसतात. सुटा खडा मागा आणि मोकळेपणानं म्हणा, ‘शेठ, हा दारापाशी, सावलीच्या उजेडात बघू का?’ चांगला सराफ नाही म्हणत नाही. आपल्याकडच्या वैशाखाच्या थेट उन्हात मात्र धरू नका, तिथे नुसते रंगीत झोत दिसतात. ओट्यावरची सावली किंवा उत्तरेकडची खिडकी उत्तम.

कोऱ्या पांढऱ्या कागदाची मधोमध घडी घालून पन्हाळीसारखी खोबण करा. चिमट्यानं खडा तिच्यात उलटा ठेवा, टोक वर. आता वरून न पाहता बाजूनं पाहा, नजर खड्याच्या पातळीवर आणून. खड्यावर तोंडानं हलकी वाफ सोडा. वाफेनं क्षणभर चमक मंदावते आणि खरा रंग दिसतो. शेजारी दुसऱ्या दर्जाचा खडा ठेवला तर फरक लगेच कळतो, कारण एकटा खडा पाहून रंग ओळखणं सरावलेल्या डोळ्यांनाही कठीण जातं. बराच वेळ टक लावून पाहिलं की डोळे सरावतात आणि सगळंच पांढरं वाटू लागतं. मध्येच नजर दुसरीकडे वळवा.

लग्नाच्या खरेदीला आपण नटूनथटून जातो, पण गडद पिवळी किंवा लाल साडी खड्यात आपला रंग सोडते. त्या दिवशी पांढरे किंवा राखाडी कपडे घाला.

आता पुडीबद्दल. सुरत तापीच्या काठानं जाणाऱ्या रेल्वेनं आपल्याला जवळची, आणि तिथे खान्देशी माणसांची मोठी वस्ती. हिऱ्यांना पैलू पाडण्याचं जगातलं सगळ्यात मोठं केंद्र तेच. त्यामुळे ‘तिकडून सुटा खडा आणून देतो’ म्हणणारा पाहुणा अनेक घरांत निघतो. असा खडा कागदाच्या पुडीत येतो आणि पुडीच्या आत बऱ्याचदा फिकट निळा पातळ कागद असतो. निळ्यावर पिवळसर झाक दबते. खडा पुडीतच पाहून होकार देऊ नका, बाहेर काढून पांढऱ्या कागदावर ठेवा.

शेवटी तोच खडा सुलटा करून बोटांच्या बेचक्यात धरा, हातभर अंतरावरून पाहा. मी याच नजरेला जास्त मान देतो. इथे दोन खडे सारखेच पांढरे वाटले, तर खालच्या अक्षराचा घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या कटसाठी, म्हणजे नीट पाडलेल्या पैलूंसाठी लावा. उत्तम कट उजेड परत फेकतो आणि त्यात झाकही कमी जाणवते.

फ्लुरोसन्स

प्रमाणपत्रावर ही ओळ असते आणि ती बहुतेक जण वाचत नाहीत. काही हिरे अतिनील किरणांत निळसर उजळतात. उन्हात अतिनील किरणं भरपूर, त्यामुळे असा आय किंवा जे रंगाचा खडा दिवसा बाहेर अधिक पांढरा दिसू शकतो आणि रात्री घरच्या दिव्याखाली मूळ रंगावर येतो. हा दोष नाही, उलट असे खडे अनेकदा स्वस्तात मिळतात. फक्त ‘स्ट्राँग’ लिहिलेलं असेल तर खडा धुरकट, दुधाळ तर दिसत नाही ना, हे उन्हात एकदा पाहून घ्या. असे खडे थोडेच असतात, पण असतात.

लॅबमध्ये घडवलेले हिरे

यांत डी-ई-एफ रंग सहज मिळतो, तेव्हा ‘डी कलर आहे’ म्हणून जादा पैसे देण्यात अर्थ नाही. सीव्हीडी (वायूपासून थर चढवून घडवण्याची) पद्धतीच्या काही खड्यांत तपकिरी, तर एचपीएचटीच्या (प्रचंड दाब आणि उष्णता देऊन घडवलेल्या) काहींत निळसर छटा असते. कागदाची खोबण इथेही वापरा.

बिल करताना

मोठ्या खड्याला जीआयए किंवा आयजीआय या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मागा. त्याचा क्रमांक बऱ्याचदा खड्याच्या कडेवर लेझरनं कोरलेला असतो. दहापट भिंगातून तो दाखवायला सांगा आणि संस्थेच्या संकेतस्थळावर जुळवून पाहा. दोन खड्यांची तुलना करायची तर एकाच प्रयोगशाळेची प्रमाणपत्रं धरा, कारण सगळ्या प्रयोगशाळांचा हात सारखाच कडक नसतो. घडवलेल्या दागिन्यातल्या खड्याचा रंग ‘जी-एच’ असा जोडीनंच लिहितात, कारण धातूत बसलेल्या खड्याचं एकच नेमकं अक्षर सांगता येत नाही. बिलावर हिऱ्यांचं वजन सोन्यापासून वेगळं, रंगाची अक्षरं स्पष्ट, नैसर्गिक की लॅबचा हा उल्लेख, आणि परत घेताना हिऱ्याचे किती टक्के धरणार ही अट, एवढं सगळं शेठकडून लिहून घ्या. सोन्यासारखा हिऱ्याला रोजचा एक भाव नसतो, त्यामुळे ही शेवटची अट तोंडी राहिली तर मोडीच्या दिवशी ती सिद्ध करता येत नाही.