पानगळीत झाड ओळखूनच सरपण तोडावे

माघ-फाल्गुनात शेतकामातून थोडी उसंत मिळते आणि पावसाळ्याच्या जळणाची तजवीज सुरू होते. परंतु नेमक्या याच दिवसांत बांधावरची बरीच झाडे निष्पर्ण असल्याने पानावरून झाड ओळखण्याची सवय कामी येत नाही. अशा वेळी साल, काटे, झाडाखाली पडलेल्या शेंगा किंवा फुले आणि फांदीचा ताजा छेद यांपैकी किमान दोन खुणा जुळल्याखेरीज खोडाला कुऱ्हाड लावू नये.

धावड्याची साल पांढुरकी, गुळगुळीत असून तिचे पातळ खपले निघतात, तर ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकटी-चौकटीने भेगाळलेली असते. बाभळीचे काटे सरळ, पांढरे व जोडीने येतात आणि तिच्या शेंगा दोन बियांमध्ये आवळलेल्या, मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. खैराचे काटे आखूड व आकड्यासारखे वळलेले असून त्याचा गाभा तांबूस-तपकिरी निघतो. ही चारही लाकडे जड असून त्यांचा निखारा बराच वेळ टिकतो.

याच दिवसांत लाल-केशरी फुलणारे पळस, पांगारा आणि काटेसावर दुरून सारखेच भासतात. खोडावर काटे नसल्यास पळस समजावा. काटेसावरीचे फूल मोठे, मांसल व पाच पाकळ्यांचे असते, तर पांगाऱ्याची फुले अरुंद असून फांदीच्या टोकाला दाटीने येतात. जळण म्हणून या तिघांपैकी एकही विशेष मोलाचे नाही, तेव्हा ती मधमाश्या आणि पाखरांसाठी राहू द्यावीत हेच बरे.

छेदातून निघणारा रस हवेत काळा पडत असेल, तर झाड बिब्ब्याचे असण्याची शक्यता धरून त्याला हात लावू नये. त्याच्या रसाने अंगावर फोड येतात आणि धूरही त्रासदायक ठरतो. कण्हेर आणि शेर ही दोन्हीही चुलीत घालू नयेत.

विकत घेताना एक हिशेब पक्का ध्यानात ठेवावा. पूर्ण वाळलेल्या कोणत्याही लाकडाच्या 1 किलोतून मिळणारी उष्णता साधारण सारखीच, सुमारे 4500 किलोकॅलरी असते. फरक पडतो तो आकारमानात. म्हणून ढिगावर किंवा गाडीवर भाव ठरत असेल तर जड जात पाहावी, आणि वजनावर ठरत असेल तर आधी वाळलेपणा पाहावा, कारण ओल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते आणि ते पाणी आपण लाकडाच्या भावाने घेतो. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्यावर खणखणीत आवाज आला आणि टोकांना भेगा दिसल्या, तर लाकूड वाळले असे समजावे.

झाड स्वतःच्या बांधावरचे असले, तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार खैर, ऐन, किंजळ, अंजन अशा कायद्याच्या यादीतील झाडांसाठी आधी परवानगी घ्यावी लागते. जात ओळखता आली नाही तर तालुक्यातील वनक्षेत्रपाल कार्यालयात फांदी, शेंग आणि सालीचा तुकडा दाखवून खात्री करून घ्यावी.

तोडलेले ओंडके लगेच फोडून, जमिनीपासून वीतभर उंचीवर, मध्ये हवा खेळेल असे रचावेत. बाभळीची साल काढून टाकावी, अन्यथा भुंगेरे बाहेरचे पांढरे लाकूड पोखरतात आणि मृगाआधीच ढिगाखाली पीठ पडू लागते.