पॅथो आणि फार्मा वेगळं वाचू नका: रक्तविकार व औषधांच्या दुष्परिणामांची उजळणी

सेकंड एमबीबीएसला पॅथो (पॅथॉलॉजी) आणि फार्मा (औषधशास्त्र) शिकताना क्लोरॅम्फेनिकॉल म्हटलं की अप्लास्टिक अ‍ॅनिमिया (अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणंच थांबणं) आणि क्लोझापिन म्हटलं की अ‍ॅग्रॅन्युलोसायटोसिस (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होणं), हे सगळ्यांच्याच तोंडावर असतं. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, गाडी अडते ती पुढच्या प्रश्नावर: का होतं, आणि किती दिवसांनी?

जी-सिक्स-पीडीचंच घ्या, म्हणजे लाल पेशींना औषधाच्या माऱ्यातून वाचवणाऱ्या एन्झाइमचं. मला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. व्हायवॅक्स मलेरिया झालेल्या तरुणाला प्रायमाक्विन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी लघवी काळपट, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन उतरलेलं. जी-सिक्स-पीडीची पातळी मात्र नॉर्मल. बहुतेक जण रिपोर्ट बघून कमतरतेवर काट मारतात आणि तिथेच मार्क जातात. हे एन्झाइम नव्या लाल पेशीत जास्त असतं, पेशीचं वय वाढेल तसं घटत जातं. कमतरता असलेल्या माणसाच्या जुन्या पेशींत ते जवळजवळ उरतच नाही, म्हणून औषधाने आधी त्याच फुटतात. मागे राहतात तरुण पेशी, वर मज्जेतून रेटिक्युलोसाइट्सची, म्हणजे अगदी नव्या लाल पेशींची, भर पडते. तुम्ही नळीत घेता ते रक्त या वाचलेल्या पेशींचं. ज्यांच्यात एन्झाइम नव्हतं त्या तपासणीपर्यंत पोचल्याच नाहीत, मग पातळी नॉर्मल येणारच! अशा वेळी औषध थांबवायचं आणि साधारण तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करायची. पटत नसेल तर कागदावर पेशींची वयं मांडून बघा, पण हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

स्लाइडवरही चकवा आहेच. लीशमन स्टेनमध्ये बाइट सेल दिसते, म्हणजे प्लीहेने कडेचा लचका तोडलेली पेशी. हाइन्झ बॉडी (पेशीत साचलेले बिघडलेल्या हिमोग्लोबिनचे कण) शोधायच्या तर क्रिस्टल व्हायोलेटसारखा सुप्राव्हायटल स्टेन, म्हणजे जिवंत पेशींवर करायचा रंग, लागतो. आता कुष्ठरोगातलं डॅप्सोन याला जोडा. त्याने हिमोलायसिस (लाल पेशी फुटणं) होतं आणि ऑक्सिजन वाहू न शकणारं मेथहिमोग्लोबिनही वाढतं. त्यावर उपाय मेथिलीन ब्लू, पण ते चालतं एनएडीपीएचवर, जे लाल पेशीत जी-सिक्स-पीडीमुळेच तयार होतं, आणि कमतरता असलेल्या रुग्णाकडे नेमका त्याचाच तुटवडा. दिलंत तर हिमोलायसिस आणखी भडकेल.

रक्त पातळ करणारं हेपारिन घेणाऱ्या काही रुग्णांत अँटीबॉडीमुळे ५ ते १० दिवसांत प्लेटलेट्स निम्म्यावर येतात, तरी मुख्य धोका गुठळ्यांचा. हेपारिन बंद करून लगेच एकटं वॉरफरिन द्यायचं नाही, कारण गुठळ्या रोखणारं प्रोटीन सी आधी घसरतं.

निमॉनिक्सवर माझा फारसा विश्वास नाही. त्यांनी औषधांची यादी पाठ होते, दिवस आणि कारण नाही. शेवटच्या आठवड्यातले 'वन शॉट' व्हिडिओ त्याहून वाईट, ऐकताना सगळं येतंय असं वाटतं. टॉपरच्या नोट्सपेक्षा पॅथोचा एखादा रेसिडेंट गाठा, जो दुहेरी मायक्रोस्कोपवर शेजारी बसवून पेशी दाखवेल.

यादी बघून छातीत धडकी भरते, मला माहीत आहे. पण घाबरू नका, वाटा मोजक्याच आहेत: मज्जा दबते, पेशी फुटतात, अँटीबॉडी तयार होतात, नाहीतर मेथोट्रेक्सेटसारखं फोलेट अडतं. प्रत्येक औषध यातल्या एका वाटेवर बसवा आणि समोर दिवस लिहा. गडचिरोलीकडे इंटर्नशिप मिळाली तर व्हायवॅक्सला प्रायमाक्विन तुम्हीच लिहून द्याल. १४ दिवसांच्या त्या गोळ्या हातात देताना 'लघवी काळी झाली तर गोळी थांबवा आणि लगेच या' हे तुम्हालाच सांगायचं आहे.