आयकर विवरणपत्राची मुदत चुकली असेल तर

मुदतवाढीचा अर्ज ऑनलाइन कुठे भरायचा, हा प्रश्न सोलापुरात यंत्रमागधारकांपासून नवी पेठेतील दुकानांत हिशेब लिहिणाऱ्यांपर्यंत अनेक जण विचारतात. आपल्या कायद्यात एखाद्या करदात्याने विनंती केली म्हणून त्याच्यापुरती तारीख पुढे ढकलण्याची सोय नाही. मुदत वाढते ती केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या आदेशाने आणि सर्वांसाठी. २०२५-२६ या करनिर्धारण वर्षासाठी, म्हणजे २०२४-२५ मध्ये मिळालेल्या उत्पन्नासाठी, लेखापरीक्षण न लागणाऱ्यांची ३१ जुलैची तारीख आधी १५ आणि मग १६ सप्टेंबर २०२५ झाली, ती अशाच आदेशाने. मात्र तारीख चुकलेल्या माणसासाठी दोन वाटा आहेत आणि त्या दोन्ही घरबसल्या ऑनलाइन चालतात. (येथे दिलेली कलमे १९६१ च्या आयकर अधिनियमातील आहेत.)

पहिली वाट विलंबित विवरणपत्राची. कलम १३९(४) प्रमाणे ते करनिर्धारण वर्षातील ३१ डिसेंबरपर्यंत भरता येते. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर बघू, असे म्हणणाऱ्यांसाठी ही वाट तोवर बंद झालेली असते. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर पॅन आणि पासवर्डने लॉगिन करून ई-फाइल या मेनूतून विवरणपत्र भरण्याचा पर्याय घ्यावा, करनिर्धारण वर्ष निवडावे आणि कलम विचारले जाईल तेथे १३९(४) निवडावे. त्याआधी फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराची नोंद, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घेऊन आपल्या पासबुकाशी ताडून पाहावे. उत्पन्न ५ लाखांपर्यंत असल्यास १,००० आणि त्याहून अधिक असल्यास ५,००० रुपये विलंब शुल्क लागते, तर भरावयाच्या कराच्या बाकीवर दरमहा १ टक्का व्याज. महिन्याचे चार दिवस झाले तरी तो पूर्ण महिना धरतात. माझ्या मते शुल्कापेक्षा मोठे नुकसान वेगळे आहे: उशीर झाल्यावर जुनी करप्रणाली निवडता येत नाही आणि धंद्यातला तोटा पुढील वर्षांत ओढता येत नाही. मंदीत माग बंद ठेवावे लागलेल्या माणसाला हा तोटाच पुढे उपयोगी पडणार असतो.

३१ डिसेंबरही टळली आणि जादा कापलेल्या कराचा परतावा अडकला, तर दुसरी वाट विलंब माफीच्या अर्जाची, कलम ११९(२)(बी) खालची. आमच्या शेजारच्या काकांच्या मुदत ठेवीवरील १,३८,००० रुपये व्याजातून १३,८०० रुपये टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच घेतला जाणारा कर, कापला गेला होता. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आतले, म्हणजे सगळी रक्कम परत मिळण्याजोगी. पण बायपास शस्त्रक्रियेत वर्षअखेर निघून गेली. लॉगिन केल्यावर सर्व्हिसेस या मेनूत विलंब माफीच्या विनंतीचा पर्याय असतो; तेथे मुदतीनंतर विवरणपत्र भरण्याची परवानगी मागायची, वर्ष निवडायचे, कारण लिहायचे आणि पुरावे जोडायचे. काकांचा अर्ज भरताना मी प्रथम ‘आजारपणामुळे उशीर झाला’ एवढेच लिहिले होते. मग काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून डिस्चार्ज कार्ड काढून समोर ठेवले, तेव्हा दाखल झाल्याची आणि घरी सोडल्याची तारीख, त्यानंतरची विश्रांती आणि त्याच काळात उलटून गेलेली अंतिम तारीख असा क्रम कारणात मांडला. अधिकाऱ्याला अडचण खरी होती हे पटायला हवे असते आणि ते तारखांनीच पटते.

१ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार हा अर्ज करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ५ वर्षांच्या आत करावा लागतो, १ कोटीपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय प्रधान आयुक्त किंवा आयुक्त घेतात आणि शक्यतो ६ महिन्यांत तो द्यावा अशी अपेक्षा आहे. अशा उशिरा मागितलेल्या परताव्यावर व्याज मिळत नाही. उलट कर भरायचा राहिला असेल, तर अद्ययावत विवरणपत्र भरावे. त्यात जादा कर द्यावा लागतो आणि परतावा मात्र मागता येत नाही.

मंजुरीचा आदेश आल्यावर विवरणपत्र भरावेच लागते; तेव्हा कलम ११९(२)(बी) निवडून आदेशाचा क्रमांक व तारीख टाकावी आणि ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने ई-पडताळणी करावी. परतावा ज्या खात्यात यायचा ते बँक खातेही पोर्टलवर आधीच प्रमाणित करून घ्यावे, कारण पॅनवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव आणि पासबुकात फक्त आद्याक्षर, एवढ्या फरकानेही ते अडू शकते.