लाईट गेली, पण कर्सर तिथंच होता: खानापुरातून व्हर्च्युअल डेस्कटॉप शिकताना

खानापुरात जुलैचा पाऊस लागला की लाईट जाणार, हे धरूनच चालायचं. २०२० च्या पावसाळ्यात मी पुण्याची खोली सोडून घरी आले होते. माजघरात टेबल टाकून एका परदेशी कंपनीच्या विमा क्लेमचं काम करायचे. एका दुपारी शेरा लिहिता लिहिता लाईट गेली, राउटर बंद पडला, स्क्रीन थिजली. पाऊण तासानं लाईट आल्यावर पुन्हा लॉगिन केलं, तर अर्धवट शब्दापुढं कर्सर तसाच लुकलुकत होता.

माझं विंडोज मुळी खानापुरात चालतच नव्हतं, ते दूर डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतं. यालाच व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणतात. तिथून माझ्याकडं यायचं स्क्रीनचं चित्र, आणि माझ्याकडून जायची कीबोर्डची बटणं नि माउसची हालचाल. लाईन तुटली तरी सेशन तिकडं चालूच राहतं, ॲडमिननं ठरवलेली वेळ संपेपर्यंत. पेशंटची फाईल घरातल्या लॅपटॉपवर उतरतच नाही. त्यामुळं लॅपटॉप बेळगावच्या बसमध्ये राहिला, तरी त्यातनं कुणाच्या आजाराची माहिती बाहेर पडत नाही.

पण एवढ्यावर विसंबू नका. मी विसंबले होते. त्याच महिन्यात, परत लाईट गेली तर हाताशी असावं म्हणून चाळीसेक क्लेमच्या ओळी कॉपी करून माझ्या लॅपटॉपच्या नोटपॅडमध्ये पेस्ट केल्या. पेस्ट झाल्या! रात्री झोप लागली नाही. सकाळी टीम लीडना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी फोनवर आहे तोवरच फाईल डिलीट कर. आणि पेस्ट झालंच कसं ते मला बघू दे." क्लिपबोर्ड, म्हणजे तिकडून इकडं कॉपी-पेस्ट करायची वाट, उघडा राहिला होता. संध्याकाळपर्यंत तो सगळ्यांसाठी बंद झाला, आणि मला हे डेस्कटॉप सांभाळण्याच्या कामाची ओढ लागली ती तेव्हापासून.

नवीन येणाऱ्यांना म्हणूनच सांगते, आधी माहिती बाहेर पडायच्या या वाटा शिका: क्लिपबोर्ड, घरच्या कॉम्प्युटरचे ड्राइव्ह, प्रिंटर, यूएसबी. व्हर्च्युअल डेस्कटॉप देणारं सॉफ्टवेअर सिट्रिक्स असो, होरायझन असो की मायक्रोसॉफ्टचं अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉप, बटणांची नावं बदलतात, वाटा याच. प्रत्येक वाट कुणासाठी उघडी आणि का, हे लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. हिशेब विभागाला प्रिंटर लागतो म्हणून तो अख्ख्या कंपनीला उघडा ठेवायचा नसतो.

दुसरी गोष्ट ३३८९ नंबरच्या पोर्टची. पोर्ट म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये शिरायचं नंबर असलेलं दार. विंडोजचं रिमोट डेस्कटॉप मूळ सेटिंगमध्ये याच पोर्टवर ऐकतं. ते सरळ इंटरनेटवर उघडं टाकलं की जगभरातनं पासवर्ड लावून बघणारे प्रोग्रॅम तुटून पडतात. म्हणून मध्ये गेटवे, म्हणजे येणाऱ्याला तपासून आत सोडणारा सर्व्हर, हवा. अझूरच्या पद्धतीत तर सर्व्हर स्वतःच बाहेरच्या बाजूला जोडणी करतो, आत येणारं पोर्ट उघडावंच लागत नाही. आणि पासवर्डसोबत फोनवरची दुसरी ओळखपडताळणी हवीच. त्यात सूट मागणारा साहेब कितीही मोठा असो.

गोल्डन इमेज, म्हणजे सगळे डेस्कटॉप ज्यावरून बनतात तो मूळ नमुना. तो एकदा अपडेट केला की शंभर मशीनच्या मागं लागावं लागत नाही. लॉगआउट झाल्यावर कोरे होणारे डेस्कटॉप असतील, तर माणसाची सेटिंग्ज वेगळी जपायला एफएसलॉजिक्ससारखं साधन लागतं.

वेगाची तक्रार रोज येते. फेरीचा वेळ, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. अझूरचं एक केंद्र पुण्यात आहे, त्यामुळं इथनं तिथवर अडचण येत नाही. सर्व्हर अमेरिकेत असला की टाईप केलेलं अक्षर मात्र रेंगाळत उमटतं.

शिकायला विंडोजची प्रो आवृत्ती आणि १६ जीबी रॅम असलेला कॉम्प्युटर पुरतो. होम आवृत्तीत हायपर-व्ही, म्हणजे एका कॉम्प्युटरमध्ये आणखी व्हर्च्युअल कॉम्प्युटर चालवायची सोय, मिळत नाही. पाया झाल्यावर अझूर व्हर्च्युअल डेस्कटॉपवरची मायक्रोसॉफ्टची एझेड-१४० ही परीक्षा द्या. आपल्याकडची आणखी एक जमेची बाजू म्हणजे भाषा. हुबळीच्या माणसाशी कन्नडमध्ये, कोल्हापूरच्या माणसाशी मराठीत बोललं की तो नेमकं काय झालंय ते मोकळेपणानं सांगतो. सपोर्टमध्ये निम्मं काम तिथंच होतं.

कायदाही वाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेची पुरेशी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि जे व्हर्च्युअल डेस्कटॉपला जमत नाही, तेही नीट ओळखा. घरच्या कॉम्प्युटरमध्ये बटणं टिपणारा व्हायरस असेल तर पासवर्ड तिथंच जातो. फोननं काढलेला फोटो कुठलंच सॉफ्टवेअर अडवत नाही. स्क्रीनवर वॉटरमार्क असला तर फोटो कुणाच्या सेशनचा एवढं कळतं. एकदा वहिनी बाळाचा व्हिडिओ काढत होत्या आणि मागं माझी स्क्रीन उघडी होती. "वहिनी, थांबा जरा," म्हणून मी ती झाकली. त्या म्हणाल्या, "एवढं काय असतंय गं त्यात?" मी सांगितलं, कुणाच्या तरी आईचा दवाखान्याचा कागद आहे. त्यांनी व्हिडिओ पुसला, आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघींनी टेबल फिरवून स्क्रीन भिंतीकडं केली.